पोळ्याचे फोटो

बैलांनी माझी पीएचडी खाल्ली, असं आमचा रोशन सगळ्यांना सांगत फिरतो. रोशन माझा धाकटा भाऊ, आणि प्रत्येक गोष्टीचा विनोद करायची त्याला खोड आहे. लोक हसतात. मीही पहिल्या एकदोन वेळा हसले. पण बैलांची बदनामी मला सहन होत नाही. ते बिचारे सजूनधजून उभे होते. खाल्ली ती माणसाने, आणि तेही आपल्या माणसाने.

'आपल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. शीलाताई आमच्या वस्तीतल्या. बाभुळगावात विहाराच्या मागे त्यांच्या वडिलांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक हापशी आहे. वस्तीतून डॉक्टरेट झालेल्या त्या पहिल्या. शाल पांघरलेला त्यांचा फोटो विहाराच्या खोलीत लावलाय, आणि चौदा एप्रिलला त्या आल्या की बाया आपापल्या पोरींना पुढे ढकलतात. पाया नको पडू, त्यांना आवडत नाही, नुसता जयभीम कर आणि मार्क सांग. मीही अशीच ढकलली गेले होते. माझे दहावीचे मार्क ऐकून त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "गणित कोणाच्या बापाचं नसते." ते वाक्य मी एमएस्सीपर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

एमएस्सी मी संख्याशास्त्रात केली. पुढे यवतमाळच्या एका संशोधन केंद्रात शीलाताईंचा प्रकल्प मंजूर झाला आणि त्यांनी मला सहायक म्हणून घेतलं. ऑफिसात मॅडम म्हणायचं आणि गाडीत बसलं की ताई, हे त्यांनीच ठरवून दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दोन्ही नावांनी हाक मारायचा हक्क असलेली अख्ख्या केंद्रात मी एकटीच, याचा मला तोरा होता.

प्रकल्प समजायला सोपा आहे. लंपी नावाचा गुरांचा आजार सगळ्यांनी पाहिलाय. अंगभर गाठी येतात, आणि गुरांचा डॉक्टर येईस्तोवर सगळा गोठा बाधतो. तर शेतकऱ्याने मोबाइलवर जनावराचा फोटो काढायचा आणि मशीनने सांगायचं, आजारी की निरोगी. त्यासाठी मशीनला आधी शिकवावं लागतं. हजारो फोटो एकेक करून दाखवायचे: हे आजारी, हे निरोगी. लहान पोराला चित्रातले हत्ती-घोडे शिकवतो तसंच. पाहता पाहता ते स्वतःच कुठलीतरी खूण धरतं आणि पुढे त्या खुणेवरून ओळखायला लागतं. कुठली खूण धरली, ते मात्र सांगत नाही. सगळी गोम तिथे आहे.

आजारी जनावरांचे फोटो मिळायला अडचण आली नाही. ज्याचं जनावर पडलंय तो माणूस फोटोला काय, कशालाही तयार असतो. अडलं ते निरोगी जनावरांपाशी. धडधाकट बैलाचा फोटो काढू द्यायला आमच्याकडे कोणी राजी होत नाही. नजर लागते. कळंबच्या वामनरावांनी तर मला शेताच्या धुऱ्यावरूनच परत पाठवलं. "पोरी, तुह्या मशीनले आजारी पाहाची सवय लागली आहे," म्हणाले, "माह्या जोडीकडं नको पाहू देऊ तिले." मी तोंड पाडून ऑफिसात आले. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पोळ्याला जा ना. त्या दिवशी लोक स्वतः बोलावतात, आमच्या जोडीचा काढा म्हणून."

आणि तसंच झालं. पोळ्याच्या दिवशी अख्ख्या गावचे बैल तोरणाखाली ओळीने उभे असतात. शिंगांना ऑइलपेंट, कपाळाला बेगड, पाठीवर झूल, अंगावर रंगाचे ठसे. आम्ही झूल बाजूला करायला सांगायचो आणि फोटो काढायचो. बाभुळगाव, कळंब, पार पांढरकवड्यापर्यंत कॉलेजची पोरं पाठवली होती. त्या दिवशी नजरेची भीती कोणाला नव्हती. वामनरावांनी स्वतः मला हाक मारून बोलावलं आणि जोडीच्या मध्ये उभं राहून फोटो काढून घेतला. ही युक्ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचली नसती, असं मी सगळीकडे सांगत होते. सुचली नसती हे खरंच आहे.

मशीन झकास शिकलं. शंभरातली शहाण्णव उत्तरं बरोबर. पुढच्या वर्षी मॅडमचा निबंध छापून आला, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि नागपूरच्या एका मोठ्या संस्थेने हात पुढे केला. त्यांच्याकडे मशीन लर्निंग वापरून जीवशास्त्रात संशोधन करणारा गट होता. आमच्या प्रकल्पावर त्यांनी पीएचडीची एक जागा काढली. एकच, पाच वर्षांची, फेलोशिपसह, आणि शीलामॅडम सहमार्गदर्शक. "ही जागा तुह्यासाठी मागतली मी," त्या गाडीत म्हणाल्या. माझी सहायकाची नोकरी प्रकल्पाबरोबर मार्चमध्ये संपणार होती. पण मला नोकरीची भीती नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी मी गोठे पालथे घालत होते. आपला प्रश्न आपण विचारायचा आणि त्याच्या मागे पाच वर्षं लागायचं, हे मला हवं होतं. एवढं मला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलेलं नाही, आणि हे सांगायला मला लाज नाही.

दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या उकंडाकाकांच्या बैलाला गाठी आल्या. मानेवर, पोटावर, आंधळ्यालाही हाताला लागतील अशा. मी कौतुकाने मोबाइल काढला, फोटो घेतला. मशीन म्हणालं, निरोगी. दुसऱ्या बाजूने घेतला. निरोगी. काका म्हणाले, "मंग दवाई बंद करू का?" मी म्हटलं, काका, दवाई चालू राहू द्या. घरी येऊन आमच्या पांढऱ्या गाईचा फोटो घेतला. गाय ठणठणीत, दोन वेळा दूध देते. मशीन म्हणालं, आजारी.

काकांच्या बैलाची शिंगं त्या वर्षीच्या पोळ्याच्या रंगाने अजून लाल होती. आमच्या गाईला कसला आलाय पोळा. मी स्वयंपाकघरातून कुंकू आणलं, ओल्या बोटाने गाईच्या शिंगांना फासलं आणि परत फोटो घेतला. निरोगी. शेवटी चिडून मी रोशनच्या लाल मोटरसायकलचा फोटो दिला. निरोगी, अठ्ठ्याण्णव टक्के. "सर्व्हिसिंग करून आणली न कालच," रोशन म्हणाला.

तर मशीनने ही खूण धरली होती. आजारी बैलाला कोणी पोळ्यात नेत नाही, त्याला कोणी रंगवत नाही. जो रंगवलेला तो निरोगी. त्याने गाठींकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला जितकं वाईट वाटलं तितकाच आनंदही झाला. शहाण्णव टक्क्यांच्या मागे काय लपलंय हे मी शोधलं होतं, कोणी न सांगता. हाच तर प्रश्न होता. पाच वर्षं पुरेल असा माझा स्वतःचा प्रश्न: मशीन बरोबर उत्तर देतं तेव्हा ते नेमकं काय पाहून देतं?

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं दाखवलं. गाय, कुंकू, मोटरसायकल. त्यांनी सगळे फोटो पुन्हा एकदा पाहिले. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि ऑफिसात असूनही ताईंच्या भाषेत बोलल्या. "जया, हे आत्ता कोठी बोलू नको. नागपूरवाल्याइचा करार होऊ दे, तुही जागा होऊ दे. मंग आपण दोघी मिळून सांगू, का आमची चूक आमीच काढली. आत्ता सांगतलं तं प्रकल्पही जाईन अन् जागाही."

मी हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. ज्या बाईने माझा हात धरला होता तिच्यासाठी थोडे दिवस तोंड बंद ठेवायचं होतं, एवढंच. आणि 'आपण दोघी मिळून' हे शब्द मला इतके गोड लागले की सांगायची सोय नाही.

मुलाखत जानेवारीत होती. शीलाताई निवड समितीवर होत्या, म्हणून त्यांच्याच गाडीने निघालो. गाडी त्या स्वतः चालवतात. आईने दोघींपुरती शिदोरी दिली होती, ज्वारीच्या भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि जवसाची चटणी. देवळीला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आम्ही खाल्लं. ताईंनी भाजी मागून घेतली. "वहिनीच्या हाताले चव आहे," म्हणाल्या. मग मला विचारलं, झोप झाली का, साडी नेसायची होतीस, ड्रेस का घातला. अशा सगळ्या गोष्टी बोलल्या.

समितीत पाच माणसं होती. अध्यक्ष वयस्क, मऊ आवाजाचे. सुरुवातीचे प्रश्न मला चांगले गेले. गणित विचारलं, ते फळ्यावर करून दाखवलं. गोठ्यांबद्दल विचारलं, ते सांगताना सगळे हसले. मला वाटलं, झालं. मग अध्यक्षांनी समोरचे कागद बाजूला सारले.

"तुमचे निरोगी जनावरांचे फोटो पोळ्याला काढलेले आहेत," ते म्हणाले. "या फोटोंमध्ये आणि आजारी जनावरांच्या फोटोंमध्ये, रोग सोडून, आणखी काही फरक असेल असं तुम्हाला वाटतं का?"

असा प्रश्न माणसाला आयुष्यात एकदा मिळतो. त्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते देण्यासाठीच मी जन्माला आले होते म्हणा ना. मी शीलामॅडमकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्या पाण्याच्या ग्लासवरचं झाकण काढत होत्या. मला वाटलं, त्या घाबरल्या आहेत. मला वाटलं, यांना वाचवायची वेळ आली आहे आणि ती माझ्यावर आली आहे.

"नाही सर," मी म्हणाले. "आम्ही सगळं तपासून घेतलं आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. चिडले नाहीत, त्यांना वाईट वाटलं असावं. "तुमच्या मॅडमनी कालच आम्हाला ऑनलाइन बैठकीत सांगितलं, की मशीन शिंगांचा रंग पाहतंय," ते म्हणाले. "त्यांनी स्वतः शोधून काढलं. फार प्रामाणिकपणे सांगितलं. तुम्ही त्यांच्याबरोबर एवढं काम केलं, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं, सर," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

"मग आत्ता नाही का म्हणालात?"

मॅडमनी सांगितलं म्हणून, हे तीन शब्द होते. तेव्हाच का नाही बोललीस, असं रोशन मला अजून विचारतो. मी त्याला म्हणते, तू बोलून दाखव. खोटं बोलताना पकडली गेलेली पोरगी दुसऱ्याच मिनिटाला आपल्या गुरूवर आळ घेते आहे, असं ते चित्र दिसलं असतं. आधी माहीत नव्हतं, तर मूर्ख. माहीत असून लपवलं, तर लबाड. मी पुन्हा मॅडमकडे पाहिलं, कारण आता हे फक्त त्याच सोडवू शकत होत्या. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी फार मेहनती आहे, सर."

बाहेर व्हरांड्यात पियुष नावाचा मुलगा बसला होता. त्याची मुलाखत माझ्या आधी झाली होती. सरळ होता बिचारा. त्याने विचारलं, तुम्हालाही पोळ्याचं विचारलं का? मी हो म्हटलं. "मी म्हणालो, मला पोळा म्हणजे काय तेच नीट माहीत नाही," तो म्हणाला, "पण बैल सजवत असतील तर मशीन सजावटच पाहत असेल, आधी ते तपासावं लागेल." त्याच्यावर मी काय रागावणार. त्याला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं.

परतीला मी त्याच गाडीत बसले. हे लोकांना पटत नाही. पण माझी पिशवी गाडीत होती, संध्याकाळ होत आली होती, आणि खरं तर मला अजून आशा होती की गाडीत बसल्यावर त्या ताई होतील. बुटीबोरी मागे पडली.

"पियुषले भेटली जागा," त्या म्हणाल्या. "उद्या साइटवर टाकतीन."

"चांगला पोरगा आहे."

"तू नाही काहून म्हणली, जया?"

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकते आहे. "तुमीच तं सांगतलं होतं, कोठी बोलू नको म्हणून."

"मी गप राह्य म्हणलं होतं," ताई म्हणाल्या. "खोटं बोल म्हणलं नव्हतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. इतकं बारीक, इतकं सफाईदार, की क्षणभर मलाही वाटलं, खरंच की, चूक माझीच आहे. मग माझं डोकं फिरलं. मी विचारलं, काल त्यांना सांगितलंत तर मला का नाही सांगितलं? पूर्ण दिवस होता. सकाळ होती. देवळीला आपण एका डब्यात जेवलो.

त्यांनी सांगितलं ते असं. समितीतल्या एकाला फोटो पाहून संशय आला होता आणि बैठकीत तो विचारणारच होता, हे त्यांना आदल्या दिवशी कोणीतरी फोन करून कळवलं. त्याने विचारायच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं. मला सांगायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण धीर झाला नाही. वाटलं, कदाचित विचारणारही नाहीत.

"पण सोता शोधलं म्हणून काहून सांगतलं?" मी विचारलं. "मी शोधलं होतं."

"माही चूक, अन् मीच शोधली, म्हणलं का मानूस प्रामाणिक ठरते," ताई म्हणाल्या. "माही चूक, अन् माह्या हाताखालच्या पोट्टीनं शोधली, म्हणलं का मानूस बिनकामाचं ठरते. तुले मालूम नाही जया, वीस वर्षं लोक टपून बसले आहेत. चूक त्याइनं काढली असती तं काय म्हणले असते? याइले एवढंच जमते. कोट्यातून आले का असंच होते. मले एकटीले नसते म्हणले, आपल्या सगळ्याइले म्हणले असते."

हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. खोटं कारण असतं तर मी तोंडावर फेकलं असतं. खऱ्या कारणाचं काय करायचं? लोक कसं बोलतात ते मीही ऐकत मोठी झाले आहे. पण त्या तोंडांपासून स्वतःला वाचवायला त्यांनी पुढे केलं ते कोणाला?

"अन् आता माह्याबद्दल काय म्हणत असतीन ते, ताई?"

त्यांनी गिअर बदलला. समोर ट्रक नव्हता, चढ नव्हता. वर्धा गेलं, देवळी गेली. देवळीला मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. सकाळी ज्या झाडाखाली बसलो होतो तिथे कोणीतरी संत्र्यांची गाडी लावली होती. मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डाचत होती. काल सांगून झालं होतं, आणि सकाळी माझ्या आईच्या हातची भाजी मागून खाल्ली. जागा जाण्याचं दुःख एकीकडे आणि हे एकीकडे. तुम्ही म्हणाल भाजीचं काय घेऊन बसलीस. पण मी घेऊन बसले आहे.

कळंबच्या अलीकडे त्या पुन्हा बोलायला लागल्या, आता जरा मोकळ्या आवाजात. "दुसरीकडं अर्ज कर. हैदराबादले कर, बेंगलोरले कर. अशा जागा लय निघून राह्यल्या आता. मी शिफारसपत्र देईन तुले. कोणाले देल्लं नाही असं पत्र देईन."

पीएचडीच्या प्रत्येक अर्जाला मार्गदर्शकाचं पत्र लागतं, आणि माझ्या मार्गदर्शक म्हणजे त्याच. त्यांना सोडून मला पुढे जायला रस्ता नव्हता. ते त्यांनाही माहीत होतं.

"पत्रात एक ओळ लिहा, ताई," मी म्हणाले. "पोळ्याची चूक जयानं शोधली. बस. बाकी काही नका लिहू. मेहनतीचंही नका लिहू."

त्या रस्त्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, त्या लिहितील. शपथेवर सांगते, अजूनही मला वाटत होतं.

"ते कसं लिहू आता?" त्या हळूच म्हणाल्या. "ते तं माह्या नावानं सांगून झालं."

कळंबच्या स्टँडवर मी उतरते म्हणाले. तिथून बाभुळगावची गाडी मिळते. त्यांनी अडवलं नाही. मी पिशवी घेतली, दार लावणार तेवढ्यात त्या सीटवरून माझ्याकडे झुकल्या. "वस्तीत काही बोलू नको, जया. माह्यासाठी नाही म्हणत. पोरी माह्याकडं पाहून शाळेत जातात. त्याइचं काय होईन?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी दार लावलं. जोरात लावायचं होतं, पण नेहमीच्या सवयीने ते हळूच लागलं.

घरी आले तेव्हा बाबा ड्युटीवरून यायचे होते. ते एसटीत कंडक्टर आहेत, त्यांची शेवटची फेरी असते. आई दारातच उभी होती. माझ्या तोंडाकडे पाहून तिने ओळखलं. जागा नाही मिळाली, एवढंच मी म्हणाले आणि पायांवर पाणी घ्यायला मोरीत गेले. काय झालं, कसं झालं, ते सांगितलं नाही. बसमध्ये सगळं तोंडपाठ केलं होतं, आणि विहाराशी उतरल्यावर खिडकीतून तो शालीतला फोटो दिसला. मला माझ्या आईची दया आली. तिने तीन पोरींना तिथे पुढे ढकललं आहे. मला, माझ्या मावसबहिणीला आणि शेजारच्या खुशीला.

मी मोरीतून बाहेर आले तर आई फोनवर बोलत होती. तिला कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर चालू.

"जयभीम ताई, मी जयाची आई बोलून राह्यली. पोट्टी काही सांगत नाही. काही चुकलं असंन तिचं. तुमी एवढी जागा काढली अन् तिनं तुमाले मान खाली घालाले लावली असंन." आईने पदर सारखा केला, जसं काही समोरून दिसत होतं. "मनावर नका घेऊ. लहान आहे. पुढच्या टायमाले परत उभी करा तिले. मी तुमच्या पाया पडते."

"असू द्या वहिनी," पलीकडून आवाज आला. थकलेला, चांगला, मायेचा आवाज. "होते असं. तुमी तिले रागावू नका. मी आहे ना."

पाया पडते. आमच्या आईने बाबासाहेबांखेरीज कोणापुढे मान झुकवली नाही, आणि शीलाताईंना पाया पडलेलं आवडत नाही हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांनी माफ केलं. माझ्या आईला, माझ्या वतीने, त्यांनी माफ केलं.

मी आईच्या हातातून फोन घेतला. स्पीकर चालूच ठेवला.

"ताई, मी जया," मी म्हणाले. "आईले सांगा न, काय झालं ते. मी नाही सांगत. तुमीच सांगा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी मागून काही विचारलं आणि ते उत्तराविना तसंच राहिलं. फोन चालू होता.

"शीलाताई?" आई म्हणाली. "काय झालं वो?"

"वहिनी, मी येते न रविवारी घरी. मंग बोलू निवांत."

"रविवार कायले?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आत्ताच तं बोलून राह्यलो आपण."

त्या काही बोलल्या नाहीत. फोनही ठेवला नाही. आई माझ्या हातातल्या त्या चौकोनाकडे टक लावून पाहत होती, मग माझ्याकडे, मग परत तिकडे. तिला शाळा चौथीपर्यंतची. पण उत्तर माहीत असून न देणारं माणूस ओळखायला शाळा लागत नाही. मग तिने आपला अंगठा त्या लाल खुणेवर ठेवून दाबला, आणि फोन बंद झालाय याची खात्री होईपर्यंत दाबून धरला.

ती भिंतीला टेकून खाली बसली. शेजारची जागा तिने हाताने झाडली.

"बस अथी," ती म्हणाली. "आता तू सांग."